वाटी पुढे सरकते आहे

माझ्या पोराचा श्वास तुम्ही अडवलात, ताई. हे मी अजून मनातल्या मनातच म्हणते आहे. सभागृहाच्या मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, पोर मांडीवर घेऊन बसले आहे आणि तुम्ही समोर व्यासपीठावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चपला बाजूला काढून, माइक दोन्ही हातांत धरून सांगता आहात की निसर्ग कधी घाई करत नाही. फोनवर ऐकला होता त्याहून तुमचा आवाज बारीक आहे. फोनवर तो सासूबाईंच्या उशीपाशी वाजायचा, भांडी घासताना ओट्यावर वाजायचा, मी कामाला निघताना पायात चप्पल सरकवत असायचे तेव्हाही वाजायचा, आणि दर वेळी वाटायचं की घर या बाईचं आहे आणि मीच इथे भाड्यानं राहते आहे. तुम्हाला सगळ्या ताई म्हणतात. मीही म्हणते. सख्ख्या बहिणीला मी जन्मात कधी अहोजाहो केलं नाही, तुम्हाला करते आहे, यावरून आपलं नातं काय ते समजून घ्या.

वर येताना लिफ्टमध्ये एका बाईनं मला विचारलं, “कशानं भाजलं हो?” बस, एवढंच. जुनी लिफ्ट, डागाळलेला आरसा, आम्ही दोघीच. ठोंब्या माझ्या खांद्यावर एक गाल टेकून होता आणि दुसरा गाल तिच्याकडे होता, जो आज सकाळपासून पुन्हा लाल झाला आहे तो. ठोंब्या हे त्याचं कागदावरचं नाव नाही. जन्मला तेव्हा इतका गुबगुबीत होता की नवरा म्हणाला, हा चालायला कशाला शिकेल, गडगडत जाईल. नाव राहिलं, गुबगुबीतपणा गेला. तर भाजलं का. हो म्हणून टाकलं असतं तर किती सोपं झालं असतं. चहा सांडला, वाफ लागली, गरम इस्त्रीला हात लागला. भाजण्याला एक वार असतो, एक कारण असतं. लोक चुकचुकतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. भाजलेल्या पोराच्या आईला कुणी विचारत नाही की गरोदरपणात काय खात होतात, नवऱ्याशी पटतं का, झोपताना मनात काय विचार असतात. मी म्हणाले, भाजलं नाही, त्याची कातडीच तशी आहे, खाज येते, मग खाजवतो. ते ऐकून त्या बाईचा चेहरा का उतरला ते मला कळेना. मनात म्हटलं, तुझ्या पोराला थोडंच झालंय, बाई. मग दिसलं की तिच्या छातीशी झोळीत तान्हं आहे आणि त्याच्या तोंडावर तिनं मऊ फडकं टाकलंय, आणि गालाच्या जागी त्या फडक्यावर ओला पिवळट डाग आहे. म्हणजे ती आशेनं विचारत होती. माझं पोर भाजलेलं निघावं, म्हणजे तिच्या पोराला जे झालंय ते इतकं वाढत नाही असं सिद्ध होईल. मी नाही म्हणाले आणि तिची आशा लिफ्टच्या फटीतून खाली पडली. आता ती माझ्या डाव्या हाताला बसली आहे. तुमच्याकडे टक लावून. तुमचं प्रत्येक वाक्य संपलं की मान डोलावते आणि झोळीतल्या बाळालाही जरासं हलवते, त्यानंही मान डोलवावी म्हणून.

मी रफूचं काम करते. कपडे धुण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, एका उंच स्टुलावर. लोकांचे कोट येतात, शाली येतात, पँटी येतात, सिगारेटनं जळलेलं, कसरीनं खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं. मी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढते आणि भोकावर पुन्हा विणकाम उभं करते, उभा धागा, आडवा धागा, आडवा वरून, आडवा खालून. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. असं काम करणाऱ्याला कौतुक मिळत नाही, कारण कौतुक करायला बोट कुठे ठेवायचं तेच गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यामुळे माझे डोळे बिघडलेत. मी माणसाशी बोलताना त्याच्या कोपराकडे बघते. आणि ठोंब्याच्या गालावर पहिल्यांदा ते आलं, तेव्हाही मी आईसारखं घाबरले नाही, मी आधी वीण पाहिली. धागे सुटल्यासारखी कातडी. मधे बारीक बारीक फटी, फटींच्या कडा उचललेल्या, आणि फटींतून पाण्यासारखं काहीतरी झिरपतंय. मला वाटलं, हे भरून काढायचं काम आहे. या फटींत काहीतरी घालायला हवं. तुम्ही काही सांगायच्या आधीच माझ्या मनात हे येऊन बसलं होतं, हे मी नाकारत नाही. तुम्ही आलात ते फक्त काय घालायचं ते सांगायला.

नाक्यावरच्या डॉक्टरकडे आधी गेलो होतो. तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. त्यानं मान वर न करता मलमाची नळी लिहून दिली, पातळ लावा म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. किती पातळ, किती दिवस, हे कशानं होतं, पुन्हा होईल का, यातलं काही नाही. मी दारात थांबून विचारलं तर म्हणाला, बाई, लहान मुलांना होतं. जसं काही मी विचारत होते की पाऊस का पडतो. मलमानं गाल खरंच उतरला. लावायचं थांबवलं आणि पुन्हा आला. तेवढ्यात तुम्ही सासूबाईंच्या फोनवर सांगितलंत की असल्या नळ्यांमधे विष असतं, कातडी कागदासारखी होते, रोग आत दबतो आणि पुढे छातीत निघतो. सासूबाईंनी नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. नुसती टाकली नाही, आधी दाबून रिकामी केली, म्हणजे मी परत काढून वापरू नये. त्यांचं प्रेम असंच असतं, कशाची उरलीसुरली वाट ठेवत नाही.

आणि मग तुमचं ते वाक्य. आत्ता तुम्ही ते म्हणालात आणि सगळ्या सभागृहानं तुमच्याबरोबर म्हटलं, शाळेत म्हणतात तसं एका सुरात: जे खाता येतं तेच त्वचेला लावा. माझ्या डावीकडच्या बाईनंही म्हटलं. माझ्या तोंडात ते आपोआप आलं होतं, मी दात आवळले. किती साधं वाक्य. कुणालाही पटेल. पोटाला चालतं ते गालाला का चालणार नाही? सासूबाई बदाम भिजवायच्या, सालं काढायच्या, दुधात उगाळायच्या, त्यात चिमूटभर कणीक, आणि तो लेप मऊ बोटांनी ठोंब्याच्या गालावर, कोपराच्या वळीत, गुडघ्यामागे. लावताना गुणगुणायच्या. मी कामावरून यायचे तेव्हा घरभर तो गोडूस वास असायचा आणि ठोंब्या पांढरा, विदूषकासारखा, त्यांच्या मांडीवर. मला बघून हात पसरायचा. मी आले तशी त्याला उचलून छातीशी धरायचे. दिवसभर लोकरीत बसलेली मी, माझ्या अंगावर, बाह्यांवर, गळ्याशी बारीक कुसं चिकटलेली, आणि तो गाल घासायचा माझ्या खांद्यावर, घासतच राहायचा, आणि मला वाटायचं लाड करतोय. सासूबाई म्हणायच्या, दिवसभर माझ्याकडे शांत असतो, तू आलीस की पेटतो. हे खरं होतं. रोज होत होतं. यावर मी काय बोलणार? तिकडे लोकांचे कोट सांधत बसतेस आणि इकडे पोर उसवतंय, असंही एकदा म्हणाल्या. नवरा हसला. चांगलं वाक्य होतं, मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल असतं तर.

लेपानं बरं वाटायचं, हेही सांगते. खोटं कशाला बोलू. ओला असेपर्यंत गार वाटायचं, ठोंब्या स्वस्थ पडायचा. वाळला की तडकायचा, आणि तडकताना त्याच्याबरोबर खालची खपली ओढली जायची. मग धुवायचं, मग पुन्हा फटी, मग पुन्हा लेप. माझ्या दुकानाचा म्हातारा मालक, ज्यानं मला हे काम शिकवलं, त्याचा एक दंडक आहे. कपडा हातात आला की आधी उजेडात धर, झटक, शिवणींत बघ, भोक कशानं पडलंय ते कळेपर्यंत सुईत दोरा ओवायचा नाही. कसर आत जिवंत असेल तर तू वरून कितीही सुंदर भर, घडीत ती खातच राहणार. हे मला तोंडपाठ आहे. परक्यांच्या कोटासाठी मी ते रोज पाळते.

तेव्हा मी तुम्हाला विचारलं, ताई. आठवत असेल असं नाही, तुम्हाला रोज किती जणी विचारत असतील. मी ठोंब्याचा फोटो पाठवला, खिडकीशी धरून, चांगल्या उजेडात काढला, लिहिलं की लेप लावतो आहोत, तरी वाढतंय, फटी पडल्यात, पाणी येतंय, थांबवू का. तुम्ही आवाजात उत्तर पाठवलंत. मी ते दुकानात, स्टुलावर, फोन कानाशी घट्ट दाबून ऐकलं. तुम्ही म्हणालात, “थांबवू नका. बाळाची त्वचा म्हणजे आईचं मन असतं. तुम्ही रागीट आहात का?” संपलं. माझ्या पोराच्या गालातून पाणी येत होतं आणि संबंध उत्तरात प्रश्न एकच, तोही माझ्या स्वभावाचा. मी काम काय करते हे विचारलं नाहीत. घरात काय धुतो, कशानं धुतो, त्याला काय पांघरतो, आंघोळीचं पाणी किती कढत असतं, काही नाही. आणि मी इतकी मूर्ख की त्या दिवसापासून राग गिळायला लागले. नवऱ्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला, गिळला. गिऱ्हाइकानं कोट तोंडावर फेकला, गिळला. घरी येताना जिन्यात थांबायचे, तोंडावर हसू बसवायचे, मग दार वाजवायचे. हसतमुख आत जायचे, लोकरीची बाही त्याच्या गालाशी न्यायचे, आणि तो पेटायचा. मग वाटायचं, म्हणजे अजून आत कुठेतरी राग उरलाच आहे. स्वतःच्या मनात हात घालून शिवणी चाचपत बसायचे. आई मेली तेव्हाचा राग सापडला. शाळा सोडावी लागली तेव्हाचा सापडला. सगळे बाहेर काढून ठेवले, ओळीनं. गाल तसाच.

आता व्यासपीठाच्या पायरीवरून तुमच्या दोन मुली खाली उतरल्या आहेत, पांढऱ्या कपड्यांतल्याच, हातात लेपानं भरलेल्या स्टीलच्या वाट्या. तुम्ही म्हणता आहात, नुसतं ऐकू नका, हात लावून बघा, वास घ्या, आपल्या बाळाच्या हातावर एक ठिपका लावून बघा, आणि पुढे द्या. वाटी पहिल्या रांगेच्या टोकाशी गेली. मला इथूनही तो वास आला, किंवा आला असं वाटलं. मी ठोंब्याला वळवून माझ्या छातीकडे तोंड करून धरलं. आज अंगात जुना, धुऊन धुऊन विरलेला सुती कुडता आहे. दोन्हीकडे गुडघेच गुडघे, पिशव्या, झोपलेली पोरं. बाहेर पडायचं तर अर्धी रांग उठवावी लागेल. एका बाईनं बोट बुडवलं, तिच्या मुलीच्या मनगटावर टेकवलं, मुलगी खुदकन हसली. काही झालं नाही. होणारच नाही, शंभरातल्या नव्वद जणींना काही होणार नाही. त्यामुळेच तर तुमचं इतकं चाललं आहे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी रविवार होता आणि घरात सगळे होते. ठोंब्या दहाव्या महिन्यात होता, भाताची पेज खायचा, केळं खायचा. सासूबाईंनी लेपासाठी भिजवलेले बदाम थोडे जास्त होते, त्यांनी एक बारीक वाटून पेजेत घातला. शक्ती येईल म्हणाल्या. जे लावतो ते खाताही येतं, वाक्य उलटं केलं तरी बरोबरच की. दोन चमचे खाल्ले असतील. आधी त्यानं जीभ बाहेर काढली, हातानं पुसल्यासारखी केली. नवरा म्हणाला, आवडलं नाही वाटतं साहेबांना. मग ओठ. ओठ माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागला, कुणी आतून हवा भरावी तसा, मग पापण्या, मग मानेवर लाल गांधी उठल्या. आणि मग एक आवाज. तो आवाज मी कुणाला काढून दाखवू शकत नाही. रडणं नव्हतं ते. अरुंद फटीतून वारा येतो तसा. नवऱ्यानं त्याला उचललं आणि अनवाणी जिना उतरला, मी मागे, रिक्षा, मी ड्रायव्हरला शिव्या देत होते की विनवत होते मला आठवत नाही. रिक्षात सगळा वेळ मी काय विचार करत होते सांगू? मला राग आलाय म्हणून असं होतंय का. त्याचा जीव जात होता आणि मी शांत व्हायचा प्रयत्न करत होते, ताई. डोळे मिटून, खोल श्वास घेत, तुम्ही फोनवर शिकवल्यासारखा. माझं पोर एका श्वासासाठी तडफडत होतं आणि त्याच्या शेजारी बसून मी खोल श्वास घेत होते. हे मी तुम्हाला या जन्मी माफ करणार नाही.

हॉस्पिटलात त्याच्या मांडीत सुई टोचली आणि ओठ हळूहळू उतरला. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान असेल, तिला सर्दी झालेली, सारखी बाहीनं नाक पुसत होती आणि सारखे प्रश्न विचारत होती. काय खाल्लं. याआधी खाल्लं होतं का. मी म्हणाले, कधीच नाही, पहिल्यांदाच. मग अंगाला काय लावता, म्हणाली. मागून येऊन पोचलेल्या सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं, सगळं नैसर्गिक. त्या पोरीनं पेन खाली ठेवलं. तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. अंगाला एखादी वस्तू पोटाच्या दारानं भेटली तर अंग तिला बहुतेक पाहुणा समजतं. फुटलेल्या कातडीतून, फटीतून घुसली तर चोर समजू शकतं. आणि एकदा चोर ठरली की पुढे ती ताटात वाढली तरी अंग लाठी घेऊन धावतं. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, म्हणाली. पण ज्याची कातडी अशी फुटलेली आहे त्याच्या फटींत महिनोन् महिने खायच्या वस्तू भरणं म्हणजे चोराला रोज खिडकी उघडून देणं. सासूबाई भिंतीला टेकल्या. त्यांनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे बघू शकले नाही, आणि त्यानंतर त्या माझ्याकडे बघत नाहीत.

मग त्या सर्दीवालीनं विचारलं की घरात कोण काय काम करतं. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. रफू, म्हणाले. कशावर? लोकरीवर, बहुतेक. तिनं माझ्या खांद्यावरचं एक कुस चिमटीत उचललं आणि उजेडात धरलं. लोकरही नैसर्गिकच असते, ताई. मेंढीच्या अंगावर उगवते. खाजकुयलीही नैसर्गिक आहे, ती कुणी कारखान्यात करत नाही.

आता घरी काय करतो ते ऐकलंत तर तुम्हाला जांभई येईल. कोमट पाण्यात थोडा वेळ आंघोळ, सुवासिक साबण बंद. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर आहे तोवरच साधं, बिनवासाचं, जाडसर मलम सढळ हातानं, सगळीकडे, दुखत नसेल तिथेही. नखं बारीक. जुने सुती कपडे, साबण नीट निघेपर्यंत खळबळलेले. फार पेटलं तर डॉक्टरनं दिलेली नळी, किती आणि कुठवर ते तिनं बोटाच्या पेरावर काढून दाखवलं. आणि मी दारातच, आत पाऊल टाकण्याआधी, कामाचा सदरा काढून पिशवीत बांधते, हात धुते, मग त्याला घेते. पहिल्या दिवशी तो रडून लाल झाला, मी समोर असून घेत का नाही म्हणून. आता थांबतो. दाराशी बसून माझी बटणं निघताना बघतो. गाल उतरतो, पुन्हा येतो, आजच पुन्हा आलाय, ती म्हणाली होती येत राहील, वर्ष-दोन वर्षं, घाबरू नका. यात जादू नाही, वाक्य नाही, सभागृह भरेल असं यात काहीच नाही. राग आहे तितकाच आहे, उलट वाढलाय. गाल त्याला विचारत नाही.

वाटी आमच्या रांगेत शिरली. उजवीकडून येते आहे. चार बायका सोडून, तीन बायका सोडून. प्रत्येक बाई बोट बुडवते, हुंगते, पुढे देते. वाटीच्या कडेवरून पांढरा ओघळ उतरलाय. माझ्या पिशवीत हॉस्पिटलातून दिलेलं औषध आहे, टोचायची सुई आहे, पिशवी पायाशी आहे, मी पायानं ती चाचपली. ठोंब्यानं मान वळवली. चकाकतं ते सगळं त्याला हवं असतं. डावीकडची लिफ्टमधली बाई फडकं बाजूला करते आहे. आत्ता पहिल्यांदा मी तिच्या बाळाचा गाल पाहिला. धागे सुटलेले, मधे फटी, ओल्या, चकचकणाऱ्या, माझ्या पोराच्या तेव्हा होत्या तशाच. तिनं उजवा हात माझ्या पुढ्यातून लांब केला, वाटी घ्यायला, तर्जनी आधीच पुढे काढून. “द्या ना इकडे,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. वाटीकडे बघत.

मी उठले. ठोंब्याला डाव्या खांद्यावर पाठमोरं टाकलं, रुमालात धरून वाटी घेतली, आणि उजवा हात लांब, उंच केला. पोर खांद्यावरून वळून तिकडे झेपावतंय, मी हनुवटीनं त्याचं डोकं दाबून धरलंय. काय शोभा दिसत असेल. मागून कुणीतरी म्हणालं, बसा हो खाली, दिसत नाही. तुमची एक मुलगी माइक घेऊन धावत आली, तिला वाटलं मला अनुभव सांगायचाय. माइक धरायला मला हात नव्हता, तिनंच माझ्या तोंडाशी धरला. मी सांगितलं. लेप, फटी, पेजेतला बदाम, ओठ, रिक्षा, सुई. पाठ केलं होतं त्यातलं निम्मं राहिलं. माझा आवाज भिंतीवरच्या खोक्यांतून परत माझ्यावर येत होता, दुसऱ्याच कुणा चिडक्या बाईचा असावा तसा. सभागृहात चुळबुळ झाली, कुणी च्च केलं. बोटाला लेप लागलेल्या बायकांनी बोटं हवेत धरली, पुसावीत की नाही ते न कळून.

तुम्ही ऐकून घेतलंत. डोळे मिटलेत, उघडलेत. मग अगदी मऊ आवाजात म्हणालात, “तुमच्या मनात खूप साठलंय, बाळा. आपण कार्यक्रमानंतर निवांत बोलू.” आणि पुढच्या रांगा मान डोलवायला लागल्या. माइकवाली मुलगी माइक मागे घ्यायला लागली, मी मान पुढे काढून तो ओठांनी गाठला. लिफ्टमधल्या बाईनं माझी बाही धरली आहे. ती मला खाली बसवते आहे, की वाटी ओढते आहे, की आधार घेते आहे, मला कळत नाही. तिलाही कळत नसेल. ती एकदा तुमच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, एकदा झोळीत. माझा हात भरून आलाय, आणि ठोंब्या माझ्या कानाशी श्वास घेतोय, आत, बाहेर, मोकळा, मला प्रत्येक श्वास ऐकू येतो.

नंतर नको, ताई. आत्ता. तुम्ही मला विचारलं होतंत, रागीट आहात का. हो, आहे. झालं तुमचं समाधान? आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, सगळ्यांसमोर, माइकवर. ही माझ्या शेजारी बसली आहे, हिच्या बाळाचा गाल फुटलाय, त्यातून पाणी येतंय, तुम्ही तिथून तो बघू शकत नाही, मी बघते आहे. वाटी माझ्या हातात आहे आणि हिनं हात पुढे केलाय. देऊ? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. देऊ का हिला?